औषधाची रिकामी बाटली : घातक कचऱ्यासंबंधी एक पाठ

परिसर अभ्यासाच्या तासाला ओला कचरा व सुका कचरा यांतील भेद आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. भाजीची देठे, शेण, उष्टे-खरकटे हा ओला कचरा. कागद, काच, लोखंड, प्लॅस्टिक हा सुका कचरा. पहिल्याचे खत होते आणि दुसरा भंगारवाल्याकडे जातो, एवढे चौथीतील विद्यार्थी बिनचूक सांगतो. परंतु त्याच्याच परसात, गोठ्याच्या कोनाड्यात आणि शेताच्या बांधावर कचऱ्याचा जो तिसरा प्रकार पडलेला असतो, त्याविषयी विचारले तर तो गोंधळतो. कीटकनाशकाची बाटली, तणनाशकाचा डबा, विजेरीतील संपलेले सेल, फुटलेली ट्यूबलाइट, मुदत संपलेल्या गोळ्या व वापरलेल्या सुया या वस्तू खतात घालण्याजोग्या नाहीत आणि पुन्हा वापरण्याजोग्याही नाहीत. केंद्र शासनाने २०१६ साली केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत अशा वस्तूंचा ‘घरगुती घातक कचरा’ असा स्वतंत्र वर्ग मानण्यात आला व तो इतर कचऱ्यात मिसळू नये असे सांगण्यात आले.

या तिसऱ्या प्रकाराचा पाठ ग्रामीण शाळेत कसा घ्यावा, त्यासाठी शिक्षकाने कोणती माहिती जवळ बाळगावी आणि शाळेने स्वतः कोणती पथ्ये पाळावीत, याचे विवेचन पुढे केले आहे. आपल्या जिल्ह्यात ऊस, भात व भाजीपाला यांची शेती घरोघर आहे; म्हणून कीटकनाशकाची व तणनाशकाची रिकामी बाटली हाच या पाठाचा मध्यवर्ती विषय धरला आहे.

१. काटकसरीची जुनी सवय

आपल्या खेड्यांत वस्तू वाया घालविण्याची रीत कधीच नव्हती. फाटक्या लुगड्याची वाकळ होते, डब्याचे माप होते, तुटलेल्या नांगराचा फाळ लोहाराच्या भट्टीत पुन्हा जन्म घेतो. सोनाराच्या दुकानातील केर विकत घेऊन, तो धुऊन व चाळून त्यातील सोन्याचांदीचे कण वेगळे काढणारे झारेकरी हे आपल्या समाजातील पुनर्चक्रणाचे जुने कसबी कारागीरच होत. हुपरीसारख्या चांदीकामाच्या गावी जमिनीवर पडलेला कीस झाडूनसावरून ठेवण्यामागे हीच दृष्टी असते. आणि या सर्वांच्या जोडीला घरामागचा उकिरडा. उकिरड्याचे दैवही बारा वर्षांनी पालटते, अशी म्हण आहे. तिच्या मुळाशी खताचा प्रत्यक्ष अनुभव आहे. आज जी घाण दिसते, तीच उद्या शेताचे अन्न होते.

ही काटकसर सद्गुण आहे, आणि शाळेने ती जोपासलीच पाहिजे. परंतु एका ठिकाणी हाच सद्गुण घातक ठरतो. कीटकनाशकाची बाटली जाड, मजबूत व घट्ट झाकणाची असते. ती टाकून देण्यास गृहिणीचे मन धजत नाही. मग तीत रॉकेल, डिझेल, गोडे तेल, प्रसंगी शेतावर न्यावयाचे पाणीही भरले जाते. तणनाशकाचा पाच लिटरचा डबा धुऊन तो जनावरांच्या पाण्यासाठी वापरला जातो. यात कोणाचाही दुष्ट हेतु नसतो. वस्तू वाया जाऊ नये एवढाच असतो. म्हणून हा पाठ घेताना वडील माणसांच्या अडाणीपणाची चेष्टा होईल असा एकही शब्द वर्गात येऊ नये. काटकसर चांगली; मात्र तिला एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा कोठे येते ते ओळखण्यास शिकविणे हे या पाठाचे काम आहे.

२. ‘औषध’ या शब्दाचा घोटाळा

पाठाच्या आरंभीच एका शब्दाचा उलगडा करणे अगत्याचे आहे. आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. “उसाला औषध मारायचे आहे,” “औषधाचा पंप दे,” “औषधाच्या दुकानात जाऊन येतो,” ही वाक्ये मूल रोज ऐकते. त्याच घरात खोकल्याचे पातळ औषधही असते. आई ते चमच्याने पाजते आणि ‘औषध घेतले की बरे वाटते’ असे सांगते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनात हे दोन अर्थ निरनिराळे राहतील, अशी अपेक्षा कशी धरावी? त्याला एकच शब्द ठाऊक असतो, आणि तो शब्द विश्वासाचा असतो.

हा शब्द गावाच्या बोलीतून काढून टाकणे शिक्षकाच्या हाती नाही. परंतु वर्गात ‘आजाऱ्याचे औषध’ व ‘फवारणीचे विष’ असे दोन स्वतंत्र शब्दप्रयोग रूढ करणे त्याच्या हाती निश्चित आहे. शिक्षकाने स्वतः बोलताना फवारणीच्या द्रवाला चुकूनही नुसते ‘औषध’ म्हणू नये. मूल घरी जाऊन “बाबा, फवारणीच्या विषाची बाटली कुठे ठेवू?” असे विचारू लागले, म्हणजे पाठाचा अर्धा हेतु साध्य झाला असे समजावे.

३. घडून गेलेल्या घटना

विषयाचे गांभीर्य शिक्षकाच्या मनावर ठसावे म्हणून काही घटनांची नोंद येथे केली आहे. लहान वर्गांत त्या सविस्तर सांगू नयेत. भीती निर्माण करणे हा आपला मार्ग नव्हे.

१९५८ साली केरळ राज्यात शंभराहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. बोटीतून आलेल्या गव्हाच्या पिठात, त्याच बोटीत असलेले पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक मिसळले गेले होते. अन्न आणि विष यांचा प्रवास शेजारी शेजारी झाला, आणि तेवढ्याने हा अनर्थ ओढवला. या घटनेनंतर झालेल्या चौकशीतून पुढे देशाचा १९६८ चा कीटकनाशक कायदा व त्याखालील १९७१ चे नियम आले.

दुसरी घटना शाळेतीलच आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात, धर्मासती गंडामन गावच्या प्राथमिक शाळेत दुपारचे भोजन घेतल्यावर २३ बालके मृत्यू पावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. कीटकनाशकाच्या डब्यात तेल ठेवले गेले असावे, असे तपासात पुढे आले. तेलाचा वास निराळा येतो, असे स्वयंपाकिणीने आधी सांगितल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या प्रत्येक शाळेने ही घटना नित्य स्मरणात ठेवावी.

तिसरी घटना आपल्या राज्यातील. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर यांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक दगावले. येथे कारण बाटलीचे नव्हते, फवारणीचे होते. तथापि हे द्रव त्वचेतून व श्वासातूनही शरीरात शिरतात, एवढे या घटनेवरून ध्यानी घ्यावे. ज्या बाटलीला आपण रिकामी म्हणतो, तिला हात लावणेही म्हणून निर्धोक नसते.

४. बाटलीवरील चौकोन

१९७१ च्या नियमांनी प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलावर एक कोनावर उभा चौकोन छापणे आवश्यक केले. तो लेबलाच्या दर्शनी भागाच्या एक षोडशांशाहून लहान असू नये, असेही ठरविले. चौकोनाचे दोन त्रिकोण केलेले असतात. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द व खालच्या त्रिकोणात रंग असतो. रंगांचा अर्थ पुढीलप्रमाणे आहे :

लाल : अत्यंत तीव्र विष. वर कवटी व दोन हाडे यांचे चित्र.
पिवळा : तीव्र विष.
निळा : मध्यम विष, धोका.
हिरवा : सौम्य विष, सावधगिरी.

येथे मुलांचा हटकून गोंधळ होतो. रस्त्यावरील दिव्याचा हिरवा रंग ‘जा’ असे सांगतो. बाटलीवरील हिरवा त्रिकोण मात्र ‘निर्धोक’ असे सांगत नाही. चारही रंग विषाचेच आहेत, हे वाक्य मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणून घ्यावे.

रंगांची ही विभागणी प्रयोगातील प्राण्यांवरून ठरविलेली आहे. ज्या मात्रेने पोटात गेल्यावर निम्मे प्राणी मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर तो पदार्थ लाल वर्गात येतो. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित घालावे : २० किलो वजनाच्या मुलाच्या बाबतीत ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ही मात्रा किती होते? उत्तर १००० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅम. ही त्या वर्गाची वरची मर्यादा झाली. अधिक जहाल पदार्थांची मात्रा याहून पुष्कळ कमी असते. मोठ्या माणसापेक्षा लहान मूल लवकर का दगावते, हेही याच गणितातून उलगडते.

याच नियमांत रिकाम्या वेष्टनांविषयीही सांगितले आहे. ती कोणी पुन्हा वापरू नयेत म्हणून उघड्यावर टाकू नयेत. ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असा तो नियम आहे. यात शेतकऱ्याने एक विवेक बाळगावयास हवा. विहीर, ओढा, पाट यांच्या जवळ काहीही पुरू नये. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा या तालुक्यांतील मुसळधार पावसात जमिनीत मुरलेले पाणी सोबत काय काय घेऊन जाईल, याचा नेम नसतो. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे बाटली तीन वेळा विसळणे, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतणे, बाटलीला भोके पाडून ती निरुपयोगी करणे, आणि कुलूपबंद जागी निराळ्या पोत्यात साठवून ग्रामपंचायतीमार्फत अधिकृत व्यवस्थेच्या हवाली करणे. घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी केंद्रे राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे उभी राहिली. गावचा कचरा तेथवर पोहोचावयाचा तर तो प्रथम गावात वेगळा ठेवला गेला पाहिजे. ही सर्व कामे मोठ्या माणसांची आहेत, मुलांची नव्हेत, हे पालकसभेत स्पष्टपणे सांगावे.

५. इतर घातक वस्तू

सेल व बॅटऱ्या : खेळण्यातील व घड्याळातील बटणासारखे चपटे सेल लहान मुले गिळतात. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत तेथे भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते; म्हणून वाट न पाहता रुग्णालय गाठावे. मोटारीच्या व इन्व्हर्टरच्या बॅटरीत शिसे व गंधकाम्ल असते. शिशाचे पुनर्चक्रण होते व ते व्हावयासही हवे. परंतु योग्य कारखान्यात. घराच्या अंगणात बॅटरी फोडून शिसे वितळविणे म्हणजे मुलांच्या रक्तात शिसे मिसळणे होय. युनिसेफ व प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक आहे, म्हणजे दर तीन मुलांमागे एकाच्या. बॅटऱ्यांचे बेबंद पुनर्चक्रण हे त्याचे एक प्रमुख कारण सांगितले आहे. शिशामुळे मेंदूची वाढ खुंटते. वर्गात ‘लक्ष लागत नाही’ म्हणून ज्या मुलाला आपण बोल लावतो, त्याच्या घरी काय वितळविले जाते, याची चौकशी कधी करावयास हवी. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. म्हणून जुनी बॅटरी देऊनच नवी घ्यावी.

विजेच्या तारा व मोबाइल : तांब्यासाठी तारा जाळण्याचा खेळ मोठी मुले करतात. तारेवरील प्लॅस्टिक जळताना निघणारा धूर डोळ्यांना चोंबणारा व फुप्फुसांना अपायकारक असतो. त्यात डायॉक्सिनसारखी दीर्घकाळ टिकणारी विषेही असतात. तांबे विकून मिळणारे पैसे या धुराच्या किमतीपुढे काहीच नव्हेत.

ट्यूबलाइट व सीएफएल बल्ब : यांत अल्प प्रमाणात पारा असतो. वर्गात ट्यूब फुटल्यास मुलांना बाहेर काढावे, खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे वारा खेळू द्यावा, तुकडे हाताने न उचलता जाड पुठ्ठ्याने गोळा करून बरणीत झाकून ठेवावेत. केरसुणीने झाडू नये. त्याने बारीक पूड हवेत उडते.

सुया, पाती व जुन्या गोळ्या : वापरलेली सुई उकिरड्यावर टाकली तर ती खताबरोबर शेतात जाते व खुरपणाऱ्या बाईच्या तळहातात शिरते. टोकदार वस्तू जाड डब्यात झाकण लावून ठेवाव्यात आणि आरोग्य उपकेंद्रात विचारून त्यांची विल्हेवाट लावावी.

६. पाठ-टाचण

इयत्ता : चौथी किंवा पाचवी. वेळ : दोन तासिका.

साधने : झाकणाची एक स्वच्छ पारदर्शक बाटली (पिण्याच्या पाण्याची, कीटकनाशकाची नव्हे), कपड्यांना घालावयाची नीळ, एक बादली, पाच काचेचे पेले, पांढरा कागद, रंगीत खडू, लेबलावरील चौकोनाचे फळ्यावर काढलेले चित्र.

पूर्वज्ञान : ओला व सुका कचरा, गुणाकार व भागाकार.

प्रस्तावना : पुढील प्रश्न विचारावेत. घरात रिकामी झालेली कोणती वस्तू तुम्ही पुन्हा वापरता? कोणती वस्तू भंगारवाल्याला देता? कोणती वस्तू दोन्हींपैकी कशातच बसत नाही? तिसऱ्या प्रश्नावर मुले अडखळतील. तेथेच हेतुकथन करावे : “आज आपण अशा कचऱ्याची माहिती घेणार आहोत, जो खतात चालत नाही आणि खेळण्यातही चालत नाही.”

विषयविकास, पहिला प्रयोग : बाटलीत नीळ कालवलेले दाट पाणी भरून ते बादलीत ओतून टाकावे. बाटली मुलांना दाखवावी व विचारावे, “ही रिकामी झाली का?” बहुतेक मुले ‘हो’ म्हणतील. मग तीत पाव भाग साधे पाणी घालावे, झाकण लावून अर्धा मिनिट हलवावे आणि ते पाणी पहिल्या पेल्यात ओतावे. पाणी निळे येईल. हीच कृती आणखी चार वेळा करून पाचही पेले ओळीने पांढऱ्या कागदावर मांडावेत. निळा रंग उत्तरोत्तर फिकट होत गेलेला दिसेल. मुलांना विचारावे : शेवटच्या पेल्यात रंग दिसत नाही, तर नीळ अगदी नाहीशी झाली असे म्हणता येईल काय?

गणिताची जोड : समजा, बाटलीच्या आतल्या अंगाला १० मिलिलिटर द्रव चिकटून राहिला. तीत १९० मिलिलिटर पाणी घातले. सर्व मिळून २०० मिलिलिटर झाले. ते ओतल्यावर पुन्हा १० मिलिलिटर उरले. आता मूळ द्रवाचा कितवा भाग बाटलीत राहिला? विसावा. दुसऱ्यांदा विसळल्यावर २० × २० म्हणजे ४०० वा. तिसऱ्यांदा ८००० वा. तीन वेळा विसळण्याचा उपयोग किती मोठा आहे हे यावरून कळते. आणि भाग कितीही लहान झाला तरी शून्य होत नाही, हेही कळते. म्हणून तीन वेळा विसळलेली बाटलीसुद्धा पाणी पिण्यास किंवा तेल ठेवण्यास कधीच योग्य होत नाही.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे : “बाटलीतून निघालेली नीळ गेली कोठे?” मुले बादलीकडे व पेल्यांकडे बोट दाखवतील. येथे शिक्षकाने थांबावे व मुलांना विचार करू द्यावा. बाटली ओढ्यावर धुतली तर विष ओढ्यात जाते; तेथून पंचगंगेत व नृसिंहवाडीला कृष्णेत. बाटली चुलीत जाळली तर धुरात जाते. उकिरड्यावर टाकली तर खतातून शेतात येते. विष नाहीसे होत नाही, ते केवळ जागा बदलते. म्हणूनच शहाणा शेतकरी विसळलेले पाणी पंपात ओततो. ज्या कामासाठी ते विकत आणले, त्याच कामी ते लागते.

वरच्या वर्गांत येथे भोपाळचे उदाहरण द्यावे. १९८४ साली जेथे वायुदुर्घटना घडली, त्या कीटकनाशकाच्या कारखान्याच्या आवारात घातक कचरा चाळीस वर्षे पडून राहिला. त्यातील सुमारे ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूर येथे नेण्यात आला व नंतर भट्टीत जाळण्यात आला. उकिरड्याचे दैव बारा वर्षांनी पालटते. या कचऱ्याचे चाळीस वर्षांनीही आपोआप पालटले नाही.

दृढीकरण : फळ्यावर तीन रकाने आखावेत : ‘पुन्हा वापरू’, ‘भंगारात देऊ’, ‘हात लावणार नाही, मोठ्यांना सांगू’. शिक्षकाने वस्तूंची नावे घ्यावीत व मुलांनी रकाना सांगावा. जुनी वही, लोणच्याची बरणी, तणनाशकाचा डबा, सायकलची चेन, घड्याळाचा सेल, पत्र्याचा डबा, रंगाचा डबा, काचेचा फुटका पेला, मोबाइलची बॅटरी. फुटक्या पेल्यावर मुलांत मतभेद होतील. त्यावर चर्चा होऊ द्यावी.

गृहपाठ : घरातील घातक वस्तू कोठे ठेवल्या आहेत ते फक्त पाहावे, त्यांना स्पर्श करू नये, आणि त्या जागेचे चित्र वहीत काढावे. त्या जागी लहान भावंडाचा हात पोहोचतो काय, हे आईवडिलांना विचारावे.

७. शाळेने पाळावयाची पथ्ये

(अ) कार्यानुभवाच्या तासाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा उपक्रम घेताना ‘घरातील रिकामी बाटली आणा’ अशी मोघम सूचना कधीही देऊ नये. कोणती बाटली आणावी, याहून कोणती आणू नये हे आधी सांगावे. एका शाळाभेटीत तणनाशकाच्या बाटलीपासून केलेली सुबक लेखणीदाणी पाहण्यात आली. वरून रंगीत कागद चिकटविला होता. तळाशी निळ्या त्रिकोणाचा तुकडा तेवढा दिसत होता. त्या मुलाच्या हस्तकौशल्यात उणे काढण्याजोगे काही नव्हते. उणे होते ते सूचनेत.

(आ) संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ पासून सुरू झाल्यावर गावोगावच्या शाळांनी स्वच्छतेच्या कामात मोठा वाटा उचलला. हा वारसा पुढे चालवावा. परंतु स्वच्छता फेरीत विद्यार्थ्यांनी कीटकनाशकाच्या बाटल्या, सुया, सेल, फुटकी ट्यूब यांना हात लावू नये. अशी वस्तू दिसल्यास मुलांनी दूर उभे राहून शिक्षकाला दाखवावी. ‘सर्वांत अधिक कचरा कोणी गोळा केला’ अशी चढाओढ लावू नये. चढाओढीत मूल काय उचलते ते पाहत नाही.

(इ) पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात तेल, डाळ, मीठ केवळ मूळच्या किंवा खास खाद्यासाठी घेतलेल्या भांड्यांत ठेवावे. दान म्हणून आलेला डबाही त्याचा पूर्वेतिहास ठाऊक असल्याखेरीज स्वीकारू नये. शाळेत फिनेल, तेजाब, उंदरांचे विष किंवा तणनाशक असल्यास ते धान्याच्या खोलीत ठेवू नये. स्वयंपाकिणीने वासाविषयी किंवा रंगाविषयी शंका व्यक्त केली, तर त्या दिवशीचा तो पदार्थ बाजूला ठेवावा. अन्न वाया गेले तरी चालेल.

(ई) पुराचे पाणी येणाऱ्या गावांनी विशेष काळजी घ्यावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये जिल्ह्यातील असंख्य घरांत पाणी शिरले. असे पाणी जमिनीलगत ठेवलेल्या बाटल्या व पोती उचलून कोठेही नेऊन टाकते. पूर ओसरल्यावर चिखलात सापडलेली अनोळखी बाटली उचलू नये, ही सूचना शाळा पुन्हा भरण्याच्या पहिल्याच दिवशी द्यावी.

(उ) विषबाधेचा संशय आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. द्रव अंगावर सांडला असल्यास कपडे काढून त्वचा भरपूर पाण्याने व साबणाने धुवावी; धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. बाटली अथवा तिचे लेबल रुग्णाबरोबर डॉक्टरांकडे न्यावे. कोणते विष आहे हे कळल्याने उपचार लवकर सुरू होतात.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. ज्या घरांत पूर्वी कोणी अक्षर गिरविले नव्हते, त्या घरांत त्यामुळे वाचणारी मुले आली. आजही अनेक घरांत बाटलीवरील बारीक अक्षरे वाचू शकणारे घरातील मूलच असते. त्याला ती वाचता यावीत, चौकोनाचा रंग ओळखता यावा, आणि आजीला शांतपणे सांगता यावे की, “आजी, हे खोकल्याचे नाही, फवारणीचे आहे.” एवढे झाले तर या पाठाचे चीज झाले.

जूनमध्ये शाळा उघडते, त्याच सुमारास मृगाचा पाऊस पडून शेतीच्या कामांना वेग येतो व फवारणीची सामग्री घरात येते. म्हणून हा पाठ वर्षाच्या अखेरीस न ठेवता पहिल्या महिन्यातच घ्यावा. नीळेचा प्रयोग प्रत्येक केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकदा करून दाखवावा, म्हणजे सर्व शिक्षकांना तो हाताळता येईल. पाठाच्या वेळी मुलांनी विचारलेले प्रश्न व घरून आणलेल्या हकिकती यांची नोंद शिक्षकांनी टाचणवहीत करावी व ती पुढील परिषदेत मांडावी. कोणत्या गावी बाटल्या कोठे पडतात, कोणत्या घरी त्या कशासाठी वापरल्या जातात, हे या नोंदींवरूनच ग्रामपंचायतीला कळेल, आणि मोठ्यांनी करावयाचे काम मोठ्यांपुढे ठेवता येईल.